तट्टांची पाठ

सरदार हैबतरावांनी गनिमाचा डोंगरी गड घेतला आणि त्या स्वारीचं चित्र काढायला, खोगिरं शिवणाऱ्या आणि चित्रंही रंगवणाऱ्या रखमाजी जिनगराला सांगितलं. रखमाजीने ते मन लावून काढलं. वर धुक्यातला गड, खाली घोड्यावर सरदार, आणि मधल्या अवघड चढावर दाणागोटा लादलेली तट्टं, खूर रोवत वर निघालेली.

भर दरबारात चित्रावरचं कापड निघालं आणि सरदारांच्या कपाळाला आठी पडली.

"जिनगर, ही ओझ्याची जनावरं आम्हाला पाठ दाखवतात? संध्याकाळच्या आत त्यांची तोंडं आमच्याकडे फिरव, नाहीतर गाव सोड."

दरबारी मंडळींनी लगेच माना डोलावल्या. एकजण तर याचे हात कलम करा म्हणाला.

त्या तट्टांची खोगिरं रखमाजीनेच शिवली होती. त्यांची बाजू तो सोडणार नव्हता. त्याने शांतपणे कुंचला रंगात बुडवला.

"फिरवतो, सरकार. पण पाठ कुणाला तरी दिसणारच. तट्टं गडाकडे निघालीत, म्हणून आज ती तुम्हाला दिसते. तोंडं फिरवली, की ती गनिमाला दिसेल. मग बघणारा विचारेल, गनिमाला पाठ दाखवून पळणारी ही फौज कुणाची? त्याला कुणाचं नाव सांगू?"

सरदारांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"कुंचला ठेव खाली," ते म्हणाले.

दरबारी मंडळींनी पुन्हा लगेच माना डोलावल्या. रखमाजीने त्यांच्याकडे एकवार पाहिलं. भाडोत्री तट्टं चित्रात नव्हतीच, ती इथे गालिच्यावर बसली होती.