वाऱ्याच्या रहाटाचे उणे

फार फार पूर्वी, डोंगराच्या सपाट माथ्यावर एक गाव होते. त्या गावाला देवाने वारा सढळ हाताने दिला होता, पाणी मात्र हात आखडून. विहीर एकच, आणि तीही इतकी खोल की दोर ओढून ओढून बायकांच्या तळहातांना घट्टे पडत.

त्या गावात एक शास्त्रीबुवा राहत. राजधानीत बारा वर्षे शिकून आलेले. तरुणपणीच त्यांच्या मनात आले होते की हा फुकट जाणारा वारा पकडावा आणि त्याच्याकडून पाणी ओढून घ्यावे. तेव्हापासून तीस वर्षे ते वाऱ्यावर चालणाऱ्या रहाटाची आकृती काढत होते. एक आकृती पुरी झाली की त्यांना शंका येई. खांब भार पेलतील का? पाती फार मोठी तर झाली नाहीत? आणि लोक हसले तर? मग ते नवे पान घेत. अशा पानांनी पेटी भरली होती. बांबूला मात्र त्यांनी एकदाही हात लावला नव्हता.

विहिरीजवळ टोपल्या विणणारी एक बाई राहत असे. तिला अक्षरओळख नव्हती. एकदा वाऱ्याने तिचे सूप उडवले. ते कुंपणाच्या काटकीत अडकले आणि तिथेच गरगर फिरू लागले. बाई हातातले काम टाकून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिने बांबू तासायला घेतले.

पहिले चाक उभे राहताच मोडले. त्या दिवशी शास्त्रीबुवा दोन घास जास्त जेवले. दुसरे चाक फिरलेच नाही, तेव्हा बुवांना छान झोप लागली. तिसऱ्या वेळी बाईने आठ पाती घट्ट विणली, मोडक्या बैलगाडीचा कणा मागून आणला, त्याला गाडग्यांची माळ जोडली आणि चाक विहिरीवर दोन खांबांत बसवले. वारा आला. चाक फिरले. पहिले गाडगे पाणी घेऊन वर आले.

विहिरीवर बायका जमल्या.

"आता दोर ओढायला नको. हात मोकळे झाले," एक म्हणाली.

"मोकळ्या हातांनी करणार काय तू?"

"नवऱ्याचा कान ओढीन. तोही या विहिरीसारखाच आहे, हाक तळाला पोचतच नाही."

सगळ्या हसल्या. मग एका म्हातारीने विचारले, "अगं, शास्त्रीबुवा इतकी वर्षं हेच काढत बसलेत ना पानांवर?"

"काढू दे. पानं पिळून कुठे घागर भरते?"

बुवा विहिरीसमोरच्या आपल्या ओसरीवरच बसले होते. त्यांनी ऐकले आणि पोथी जवळ ओढली, पण तिच्यातले एक अक्षरही त्यांना दिसेना.

त्या गावाची एक रीत होती. नवी वस्तू वापरात आणण्याआधी गावातल्या जाणत्याला बोलवायचे आणि त्याने सगळ्यांदेखत त्या वस्तूचे उणे सांगायचे. दार कुरकुरते, मडक्याचा काठ वाकडा आहे, असे काहीतरी. करणाऱ्याने ते तिथल्या तिथे दुरुस्त करायचे, मग नारळ फोडायचा. ज्याचे उणे सांगितले नाही ती वस्तू दगा देते, असे लोक मानत.

संध्याकाळी बाई ओसरीवर आली. "बुवा, उद्या रहाटाचं उणं तुम्हीच सांगायचं."

"मीच कशाला?"

"तुमच्याइतकं कळतंय कुणाला? खरं सांगू, मला धास्ती वाटते. काहीतरी राहिलंय असं सारखं वाटतं, पण काय ते दिसत नाही. तुम्ही नीट बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सारा गाव जमला. बुवांनी रहाटाभोवती एक फेरी घातली. दुसरी घालायची गरजच नव्हती. उणे त्यांना लगेच दिसले. चाकाला थांबवायची सोयच नव्हती. पाती कायमची आवळून बांधलेली. वादळ आले तर चाक मोडेपर्यंत फिरतच राहणार. यावरचा उपाय बुवांनी कधीच काढून ठेवला होता. प्रत्येक पात्याला सरकगाठ आणि सगळ्या गाठींना मिळून एक दोरी. दोरी ओढली की पाती सैल पडणार. ते पान पेटीत तळाशी होते.

'मी हे सांगितले, तर संध्याकाळपर्यंत ही गाठी बांधून मोकळी होईल,' बुवांच्या मनात आले. 'मग माझ्या तीस वर्षांचे काय उरले?'

आणि लगेच त्यांची जुनी शंका मदतीला आली. 'कदाचित माझेच चुकत असेल.' जन्मभर छळणारी ती शंका त्या दिवशी त्यांना सख्ख्या भावासारखी वाटली.

"यात काहीही उणे नाही," ते म्हणाले.

लोक थक्क झाले. असे त्या गावात आजवर कुणी कुणाला म्हटले नव्हते. बाईच्या डोळ्यांत पाणी आले. ती बुवांच्या पाया पडली आणि नारळ फुटला.

दोन महिने पाणी आले. रोजची पहिली घागर बाई बुवांच्या दारात आणून ठेवी. बुवांना ते पाणी बेचव लागे. रहाटाच्या प्रत्येक करकरीला ते कान टवकारत. वारा वाढला की त्यांना वाटे, मोडू दे. पडला की वाटे, बरे झाले, वाचला. एकदा तर त्यांनी ते पान काढले, पायात वहाणा घातल्या आणि ते अंगणापर्यंत गेले. तेवढ्यात रस्त्याने जाणारा कुणी म्हणाला, "बाई शिकली नाही, पण तिच्यापुढे शिकलेले फिके पडले." बुवा मागे वळले. पान पुन्हा पेटीत गेले.

मग एके दिवशी दुपारी वादळ आले.

चाक असे भिरभिरू लागले की पाती दिसेनाशी झाली. बाई दोर घेऊन धावली. दोर कशाला अडकवायचा हेच तिला कळेना. शेवटी तिने चाक अडवायला उजवा हात घातला. कडकड आवाज झाला. चाक तुकडे होऊन विहिरीत पडले.

हाडवैद्याने हात बांधला आणि सांगितले, "जखम भरेल. पण ही बोटं पुन्हा विणणार नाहीत."

शास्त्रीबुवा तिला भेटायला गेले आणि मान खाली घालून बसले. बाईच त्यांची समजूत घालू लागली. "बुवा, मनाला लावून घेऊ नका. तुम्हालाच दिसलं नाही, तर कुणाला दिसणार होतं?"

बुवा गप्प राहिले असते, तर गाव त्यांना फार तर अजाण म्हणाला असता. पण त्यांची नजर त्या बांधलेल्या हातावर गेली.

"मला दिसलं होतं," ते म्हणाले.

"कधी?"

"त्याच सकाळी."

"मग बोलला का नाहीत?"

"जे मला जमलं नाही, ते तू केलंस. म्हणून."

बाईने तोंड भिंतीकडे फिरवले. मग म्हणाली, "आता सांगा."

बुवांनी पेटी आणली. नव्या रहाटाचे काम सुरू झाले. बाई बसून सांगे आणि बुवा बांबू तासत. त्यांच्या बोटांत कुसळे शिरली, त्यांनी दोनदा पाते उलटे बांधले आणि लोक हसलेही. महिन्याभराने चाक उभे राहिले. या वेळी प्रत्येक पात्याला सरकगाठ होती.

उणे सांगायचा दिवस आला. बुवा सवयीने पुढे सरकले आणि त्यांनी घसा साफ केला. बाई त्यांच्या शेजारून पुढे गेली आणि गर्दीतल्या एका मेंढपाळासमोर थांबली.

"दादा, तुम्ही सांगा."

मेंढपाळ चाकाभोवती फिरला. "दोरी आखूड आहे. घाईत हाताला यायची नाही."

ती दोरी बुवांनीच कापली होती. बुवांनी खांद्यावरचे उपरणे काढले, पीळ देऊन दोरीच्या टोकाला बांधले आणि एक झटका देऊन पाहिला. आठही पाती सैल पडली. मग नारळ फुटला.

तो रहाट पुढे अनेक वादळांतून वाचला. बाईची बोटे मात्र पुन्हा कधी विणू शकली नाहीत, आणि त्या गावाने शास्त्रीबुवांना पुन्हा कधी उणे सांगायला बोलावले नाही.

तात्पर्य: मत्सराने दाबून ठेवलेले ज्ञान दुसऱ्याचा हात मोडते आणि आपला मान घालवते.