व्हालोर्नचं उघडं दार

व्हालोर्नच्या चर्चचं दार मार्चपासून सप्टेंबरपर्यंत लागत नाही. पाऊस असो, वारा असो, पाद्रीबाबांना सर्दी झालेली असो, दार सताड उघडं. किल्ली मात्र गावानं फिर्मँ आजोबांच्या हवाली केलेली आहे आणि सहा-सात महिने बंदच न होणाऱ्या दाराची ती किल्ली आजोबा मोठ्या दिमाखात कमरेला लावून हिंडतात. फ्रान्सच्या मध्यावर, नदीच्या वळणाशी, अक्रोडांच्या झाडीत वसलेलं हे चाळीस उंबऱ्यांचं गाव. पाहुणे येतात, दगडी घरं बघतात, कपडे धुण्याच्या जुन्या कुंडापाशी फोटो काढतात आणि शेवटी आजोबांच्या मागोमाग चर्चमध्ये शिरतात. तिथं उत्तरेच्या भिंतीवर दहा बालदेवदूत ओळीनं रंगवलेले आहेत. नऊ जणांना चेहरे आहेत. दहाव्याच्या मानेवर, चेहऱ्याच्या जागी, पाकोळीचं मातीचं घरटं आहे.

"हे असं का?" कुणी ना कुणी विचारतंच. आजोबा त्याचीच वाट बघत असतात. "बसा," ते म्हणतात, "उभ्या उभ्या ऐकण्यासारखं नाही हे."

फार जुनी गोष्ट. एका हिवाळ्यात गावात तापाची साथ आली आणि बघता बघता दहा मुलं गेली. गाव हवालदिल झालं. तेव्हा सगळ्यांनी मिळून नवस बोलला, की साथ हटली तर आमची दहाही मुलं देवाच्या भिंतीवर देवदूत म्हणून उभी करू. साथ हटली. वसंत ऋतूत एक फिरता चितारी गावात आला, त्याला ठेवून घेतलं. त्याचं नाव आता कुणालाच ठाऊक नाही.

ह्या चित्राची रीत मोठी कडक. भिंतीला चुन्याचा ओला गिलावा लावायचा आणि तो वाळायच्या आत रंग द्यायचा, म्हणजे रंग भिंतीतच मुरतो. म्हणून एका दिवसात होईल तेवढाच गिलावा घ्यायचा. तो चुना मळायला गावातली पेर्नेल नावाची विधवा होती. दहा मुलांमधली एक तिची होती, आलिक्स. सहा वर्षांची, पायाला भिंगरी लागल्यासारखी. घरातून बाहेर पडताना तिनं एकदाही दार लोटून घेतलं नाही, असं सांगतात. पेर्नेल दिवसातून दहा वेळा ओरडायची, "आलिक्स, दार!"

चितारी रोज एका मुलाच्या आईबापांना समोर बसवायचा, विचारून विचारून चेहरा काढायचा. नाक कसं होतं, हसताना डोळे बारीक व्हायचे का? संध्याकाळी आई भिंतीकडे बघून रडायची आणि हलक्या मनानं घरी जायची. पेर्नेलची पाळी आली की ती म्हणायची, "माझी शेवटी घ्या." लोकांना वाटायचं, किती मोठ्या मनाची बाई! खरी गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. तिला आलिक्सचा चेहरा आठवत नव्हता. हात आठवायचे, आवाज आठवायचा, अंगणातून पळत जाणारी पाठ आठवायची. पण डोळे मिटून चेहरा आणू पाहिला की आजारपणातला, ओळख न पटणारा चेहराच समोर यायचा. उद्या आठवेल, परवा आठवेल, असं म्हणत ती चुना मळत राहिली. चुकीचं सांगितलं तर दुसऱ्याच कुणाची पोर जन्मभर भिंतीवरून आपल्याकडे बघेल, ही तिला धास्ती होती.

दहाव्या देवदूताचे पंख झाले, झगा झाला. चेहऱ्याची जागा तेवढी बिनगिलाव्याची, खडबडीत राहिली. गुळगुळीत भिंतीवर पाकोळीची माती टिकत नाही. तिला ही एवढीशी खरखरीत जागा सापडली आणि तिनं तिथं घरटं बांधायला घेतलं. पेर्नेलला ते पहिल्या दिवशीच दिसलं होतं, म्हणे. तिनं ते तसंच राहू दिलं.

जूनअखेरचा सेंट जॉनचा सण जवळ आला. चितारीला दुसऱ्या गावी जायचं होतं, त्याच्याकडे एकच दिवस उरला. घरट्यात तोवर पिल्लं झाली होती. पाद्री म्हणाले, घरटं काढा. भिंत अपुरी राहिली तर नवस फिटणार नाही, ताप परत येईल. गावाला ते पटलं. ज्यांची मुलं वाचली होती, त्यांचे चेहरे तर भीतीनं पांढरे पडले होते. पण घरटं कुणी काढायचं? जिची जागा तिनंच, असं ठरलं. पेर्नेल हातात थापी घेऊन शिडी चढली. पाकोळी मधे येऊ नये म्हणून कुणीतरी चर्चचं दार लावून घेतलं.

पेर्नेलनं घरट्याला हात लावला. आत पाच उघड्या चोची होत्या. बाहेरून पाकोळी दारावर धडका देत होती, पुन्हा पुन्हा, आणि तो बारीकसा आवाज सगळ्या चर्चमध्ये ऐकू येत होता. पेर्नेल शिडीवरूनच ओरडली, "दार उघडा! अगोदर ते दार उघडा!"

दार उघडलं. उजेडातून पाकोळी सरळ आत आली. आणि त्या उघड्या दाराकडे बघताना पेर्नेलला आलिक्स दिसली. ओरडा ऐकून उंबऱ्यावर थबकलेली, मागे वळून हसणारी, पुढचा एक दात पडलेली. अख्खा चेहरा, जसाच्या तसा. रोज दहा वेळा ती अशीच वळून बघत होती आणि आईचं लक्ष दाराकडे होतं.

ती खाली उतरली, थापी ठेवली. चितारी म्हणाला, "आठवतंय ना आता? सांगा, शेजारी जागा करतो."

"आता भिंतीवर नको," पेर्नेल म्हणाली. "आता ती माझ्यापाशी आहे."

त्या दिवशीचा मळलेला चुना वाया जायला नको, म्हणून चितारीनं दहाव्या देवदूताच्या मागे एक दार रंगवलं. अर्धवट उघडं. गाव पुढचा सगळा हिवाळा जीव मुठीत धरून होतं; पण ताप काही परत आला नाही. देवाला भिंत पुरी वाटली असावी, एवढंच आजोबा म्हणतात आणि रुमालानं चष्मा पुसतात.

आजही मार्चमध्ये पाकोळ्या येतात. त्यांच्यासाठी कुंडापाशी ओली माती कालवून ठेवली जाते. आणि आजही व्हालोर्नमध्ये दार उघडं टाकून पळालेल्या पोराला कुणी रागावत नाही. घरातलं मोठं माणूस उठतं, दारापाशी जातं, हाक मारतं आणि पोर वळेपर्यंत तिथंच उभं राहतं. त्याचा चेहरा नीट बघून घेतं, मगच दार लावतं.