नूरबीने आणलेली लग्नपत्रिका

"मला अशी पत्रिका हवी, जी कोणी फेकता कामा नये आणि कोणी घरात ठेवूनही घेता कामा नये," मानाजीराजे म्हणाले. दरबारात जमलेले कागद करणारे कागदी, सोनार आणि सुतार एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले.

कर्णगडच्या राजकन्येचं, मैनाराजेंचं, लग्न दोन महिन्यांवर आलं होतं. लग्नाची बाकी तयारी बिनबोभाट चालली होती. अडलं होतं ते फक्त पत्रिकेपाशी. मागच्याच महिन्यात शेजारच्या देवपूरच्या राजाने मुलाच्या लग्नाची पत्रिका पाठवली होती. चंदनाची पेटी, आत मखमल, मखमलीवर रेशमी गुंडाळी आणि झाकण उघडलं की चांदीच्या घुंगरांचा नाद. त्याच्या आधी एकाने तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली पत्रिका पाठवली होती. दर लग्नसराईत पत्रिका जड होत चालल्या होत्या. मानाजीराजे लढाईतली हार पचवू शकले असते, पण ती घुंगरांची पेटी काही त्यांना पचेना.

"आणखी दोन अटी," ते म्हणाले. "अक्षरशत्रूलाही ती वाचता आली पाहिजे. आणि देवपूरकराने खजिना रिकामा केला तरी त्याला तिची नक्कल जमता कामा नये. आठ दिवस देतो." मग त्यांची नजर म्हाताऱ्या यासीन कागद्यावर थांबली. "यासीन, ओढ्याकाठची जागा तीन पिढ्या तुमच्याकडे आहे. पत्रिका जमली नाही तर तिथे देवपूरचा कारागीर बसेल."

यासीन घरी आला तो मान खाली घालूनच. ओढ्याचं पाणी गेलं की कागदाचा लगदा कशात भिजवायचा? त्याची मुलगी नूरबी लगद्यातून चाळण उचलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसले.

"अब्बा, तुम्ही कागद करा. पत्रिकेचं मी बघते."

नूरबीने ना रंग कालवले, ना वेलबुट्टी काढली. ती सरळ गावात शिरली. अशा पत्रिका आलेल्या घरांतून तिने एकच प्रश्न विचारला, "ती भारी पत्रिका कुठेय हो?"

सावकाराच्या घरी चंदनाच्या पेटीत सुया-दोरे होते. पाटलांच्या नातवाच्या डोक्यावर रेशमी टोपडं होतं आणि त्यावर उलट्या अक्षरांत 'आगमनाभिलाषी' वाचता येत होतं. वैद्यांकडे तांब्याचा पत्रा दुधावर झाकण म्हणून बसला होता. लग्न कोणाचं होतं, तिथी कोणती होती, कोणालाच धड आठवेना.

शेवटी ती गंगूकाकू जोशीणीकडे गेली. काकूंची पेटी फडताळात जशीच्या तशी होती.

"तुम्ही गेला होतात लग्नाला?"

"नाही गेले," काकू म्हणाल्या. "नवऱ्या मुलाची आजी आणि मी एका अंगणात वाढलो. तिच्याकडून पेटी आली गं, पण माणूस नाही आलं."

नूरबी काकूंच्या ओट्यावरून उठली तेव्हा तिच्या चालीत घाई होती.

आठव्या दिवशी दरबार भरला. एकाने शिंगाचा पारदर्शक पत्रा आणला, एकाने अत्तरात बुडवलेलं मोरपीस. एकाने तर कागदात झेंडूचं बी घालून आणलं होतं. "वाचून झाली की मातीत पुरायची महाराज, रोप येतं," तो कौतुकाने म्हणाला.

"माझ्या मुलीची लग्नपत्रिका पुरायची?" राजे कडाडले. तो माणूस बी सांडत मागे सरकला.

मग नूरबी पुढे आली. तिचे हात रिकामे होते. यासीनने डोळे मिटून घेतले.

"पत्रिका कुठे आहे?" राजांनी विचारलं.

"सिंहासनावर बसलीय, महाराज."

राजांनी मागे वळून पाहिलं.

"नीट बोल, पोरी."

"तुम्ही स्वतः दारात जाऊन उभे राहा, हीच पत्रिका. तुम्हाला दाराबाहेर फेकायची कोणाची छाती आहे? आणि घरात ठेवून घेणं तरी कोणाला परवडेल? सोबत हत्ती, घोडे आणि चाळीस जेवणारी माणसं."

दिवाणजींना अचानक खोकला आला. राजांच्या मिशा हलल्या, पण ते हसले नाहीत.

"अक्षरशत्रूंचं काय?"

"मुलीचा बाप हात जोडून 'या' म्हणाला, तर ते वाचायला शाळा लागत नाही."

"आणि देवपूरकर उद्या असाच दारोदार फिरला तर? झाली की नक्कल."

"खुशाल फिरू दे. फिरला तरी तो देवपूरचाच राजा. मैनाराजेंचा बाप कुठून आणेल?"

राजे पुढे झुकले. त्यांचा आवाज खाली आला. "म्हणजे कर्णगडच्या राजाने दारोदार फिरायचं?"

"भीक मागत फिरलं तर दारोदार, महाराज. मुलीच्या लग्नासाठी फिरलं तर त्याला आवतण म्हणतात."

मैनाराजे चिकाच्या पडद्यामागे बसल्या होत्या. तिथून बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला. राजांनी तिकडे पाहिलं. मग ते नूरबीकडे वळले आणि डोळे बारीक करून म्हणाले, "पण तू तर स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलास. कागद्याची मुलगी तू, आणि तुझ्या पत्रिकेत कागदच नाही."

"आहे ना, महाराज. गावातली एकशेचाळीस घरं फिरायची आहेत. कोणाकडे गेलो, कोण राहिलं, याची यादी नको? तिला कागद लागेल. साधाच चालेल, कारण तो फक्त तुम्हीच बघणार."

आता मात्र मानाजीराजे असे हसले की त्यांच्या डोक्यावरचा मंदिल कानावर आला. दिवाणजींचा खोकलाही मोकळा झाला. राजांनी तिथल्या तिथे ओढ्याकाठची जागा आणि पाणी यासीनच्या घराण्याला कायमचं लिहून दिलं, दरबारचा सगळा कागद त्याच्याकडूनच घ्यायचा असा हुकूम सोडला आणि नूरबीच्या हातात सोन्याचं कडं घातलं.

"बोल, यादीत पहिलं नाव कोणाचं घालू?" त्यांनी विचारलं.

"गंगूकाकू जोशीण," नूरबी म्हणाली. "पण महाराज, हत्ती गल्लीबाहेर ठेवा. काकूंचं अंगण लहान आहे."