तांबड्या खुणेवरची कळ

वाफेच्या मालबोटी होत्या तेव्हाची गोष्ट. एका बोटीवर वायरलेसचे संदेश पाठवणारी कळ आणि आलेले संदेश ऐकणारा हेडफोन शेजारी राहत. एकदा भर समुद्रात दाट धुकं पडलं आणि बोट भोंगा वाजवत पुढे जात राहिली. कळ भेदरली आणि सारखी कडकडू लागली, “कोणी आहे का? कोणी आहे का?”

“ताई, जरा थांब,” हेडफोन म्हणाला. “तू बोलतेस तोवर मला काही ऐकू येत नाही.”

“थांबले तर भीती वाटते रे.”

इतक्यात घड्याळाचा काटा तांबड्या खुणेवर आला. तेव्हा प्रत्येक बोटीने गप्प राहून ऐकायचं, असा नेम होता. कळ थांबली.

लगेच हेडफोनमध्ये दुसऱ्या एका बोटीचा क्षीण आवाज उमटला, “तुमचा भोंगा अगदी समोर वाजतोय. वळा. माझं इंजिन बंद आहे. मघापासून हाका मारतेय मी.”

बोट वळली. धुक्यातून एक काळी भिंत अगदी कडेने सरकत गेली.

काटा तांबड्या खुणेपुढे गेला, तरी कळ बोलली नाही.