सुपारी कुणी कुणाला द्यायची?

"मोठ्यांच्या शब्दावर प्रश्न विचारायचा नाही," हा आमच्या घरचा नियम. बार्शीत बँड चालवणारे बाबूकाका फोन पुढे धरून म्हणाले, "मंजिरे, फ्रीलान्सिंगच्या साइटवरचे साहेब आहेत. तुला भाषांतराचं काम देताहेत. वहिनींच्या पाटल्या मोडून नोंदणीचे पैसे भरून टाकू."

फोनवरचा साहेब गुरगुरला, "आधी पैसे, मग काम. मोठ्या कंपन्यांची हीच रीत!"

मी विचारलं, "काका, लग्नाची सुपारी यजमान तुम्हाला देतो, की तुम्ही यजमानाला?"

"यजमानच देतो की!"

"मग साहेब, इथे वाजवणारी मी आहे. सुपारी तुम्ही पाठवा."

पलीकडून फोन कट झाला.

"काम मी शोधीनच," मी म्हणाले, "पण आईच्या पाटल्या मोडणार नाही."

अख्ख्या बार्शीला नाचवणाऱ्या काकांनी साहेबांचा नंबर ब्लॉक करून टाकला.