उलटी फेरी

डोंगराच्या पायथ्याशी एक जुनं संस्थान होतं. तिथल्या राजाला जनावरांचा मोठा नाद. त्याने शहराच्या कडेला एक बाग वसवली, शिकारखान्यातली जनावरं तिथे आणून ठेवली आणि दरवाजे रयतेला खुले केले. एक शिरस्ताही घालून दिला. देवळात प्रदक्षिणा घालतात तशीच बागेत फेरी घालायची. आत शिरलं की डाव्या हाताने निघायचं, पिंजरे उजवीकडे ठेवत फिरायचं आणि पुन्हा दरवाजाशी यायचं. मुकं जनावर म्हणजे देवाचंच रूप, असं राजाचं म्हणणं. पुढे राजा गेला, संस्थान गेलं, पण शिरस्ता राहिला. आजही त्या शहरातला माणूस बागेत उलटी फेरी घालत नाही.

या बागेत केरबा नावाचे रखवालदार होते. अस्वलांचा पिंजरा त्यांच्याकडे असे. निवृत्त व्हायच्या दहा-बारा वर्षं आधी जंगलखात्याच्या माणसांनी त्यांच्या हातात एक टोपली ठेवली. टोपलीत अस्वलीचं पिल्लू होतं, आई मेलेलं. केरबांनी त्याला बाटलीने दूध पाजलं, थंडीत आपल्या खाकी शर्टात गुंडाळून निजवलं आणि नाव ठेवलं चिमणी. चिमणी बघता बघता केरबांपेक्षा उंच झाली, पण नाव काही बदललं नाही. रोज सकाळी केरबा काठीने गजावर दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "चिमणेऽ, आलो गं!" मग ती आतून डुलत यायची आणि पंजा चोखत गुणगुणत बसायची.

निवृत्तीनंतरही दर रविवारी केरबांची फेरी चुकली नाही. पुढे त्यांची बायको वारली, गुडघे गेले आणि त्यांचा मुलगा संपत त्यांना पुण्याला घेऊन गेला. पुण्याहून बाग चार तासांवर. सहा वर्षं गेली. केरबा चाकाच्या खुर्चीत आले. डॉक्टर म्हणाले, काळीज थकलंय, जपा.

संपत वाईट मुलगा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वडिलांची औषधं तो स्वतः द्यायचा. आंघोळीचं पाणी स्वतः काढायचा. पण वडिलांनी कधी काही मागितलं नाही, त्यामुळे त्यांना काही हवं असेल हे त्याच्या डोक्यात यायचंच नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत केरबा म्हणाले, "संपत, एकदा बागेत न्हिऊन आण मला. चिमणीला बघावं म्हनतो."

संपतने लगेच गाडी काढली. केरबांनी सकाळीच जुना खाकी शर्ट अंगात घातला होता. सूनबाई उज्ज्वला हसून म्हणाली, "आबा, आज फोटो काढायचेत. दिवाळीचा नवा झब्बा घाला की." केरबा म्हणाले, "बरं." शर्ट काढून त्यांनी खुंटीला लावला. खाकी रंग बघून ती ओळखेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण ते त्यांनी सांगितलं नाही.

तीन वाजता सगळे बागेच्या दरवाजाशी पोचले. अस्वलांचा पिंजरा दरवाजातून उजवीकडे, जेमतेम पन्नास पावलांवर. फेरीत मात्र तो सगळ्यात शेवटचा. केरबांनी खुर्चीतूनच मान तिकडे वळवली.

"संपत, आदी हिकडं जाऊन आलो आसतो."

"आबा, उलटं कशाला फिरायचं? फेरी पुरी करत जाऊ. शेवटी तिथंच तर यायचंय. मग बसा तिच्यापाशी हवा तेवढा वेळ."

"बरं बरं," केरबा म्हणाले.

माणूस बरं म्हणाला की घरच्यांना वाटतं, खरंच बरं आहे. संपतने खुर्ची डावीकडे वळवली.

हरणं झाली. मोर झाला, पण त्याने पिसारा मिटलेला. तो फुलवेपर्यंत शर्वरी हलेना. शर्वरी म्हणजे संपतची नऊ वर्षांची लेक. मग वाघ निजलेला, तो उठेपर्यंत थांबणं आलं. वाघापुढे उज्ज्वलाने फोटो काढले, केरबांचेही काढले. केरबा फोटोत हसले. माकडांपाशी संपतला शाळेतला एक मित्र भेटला. वीस वर्षांनी भेटलेला मित्र, दोन शब्दांत कसा सुटणार? गप्पा रंगल्या. केरबांनी एकदाच मुलाच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं. पिंजऱ्याचं आतलं दार किती वाजता लावतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण चारचौघांत मुलाला घाई कशी करायची, या भिडेपायी ते गप्प राहिले. ही भीड आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना असते. आपल्याच पोरांपुढे असते, हे त्यातलं जास्त वाईट.

फेरी पुरी करून ते अस्वलांच्या पिंजऱ्याशी आले तेव्हा पिंजरा रिकामा होता. मागचं पत्र्याचं दार ओढून घेतलेलं होतं आणि त्याला कुलूप होतं.

नवा रखवालदार पाण्याचा हौद धूत होता. तो म्हणाला, "पाचला आत घेतली तिला. आता सकाळी."

संपत त्याला आडबाजूला घेऊन म्हणाला, "अहो, माझ्या वडलांनी वाढवलीय तिला. दोन मिनिटं दार उघडा."

रखवालदार अवघडला. उत्तर केरबांनीच दिलं. "नगं, संपत. एकदा आत घेतली की सकाळपतुर दार उघडायचं न्हाई. ह्यो नेम मीच लावलाय. संध्याकाळी दार उघडलं की जनावर बावचळतंय, मग रातभर डोळा लावत न्हाई."

मग त्यांनी मांडीवरची काठी उचलली. गजावर दोनदा टकटक केलं आणि हाक मारली, "चिमणेऽ, आलो गं!"

आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. तरी पत्र्याच्या पलीकडे काहीतरी हललं. पत्र्यावर नखं घासल्याचा आवाज आला. पुन्हा आला. दार आतून धडधडू लागलं. मग गुणगुणणं ऐकू आलं, पंजा चोखतानाचं. केरबा ऐकत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"आठवण हाय तिला," एवढंच ते म्हणाले.

संपतला गलबलून आलं. तो खुर्चीपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "आबा, उद्या मला कामावर हजर व्हायचंय. पण येत्या रविवारी परत येऊ. शपथ. आल्या आल्या आधी इथंच."

"बरं," केरबा म्हणाले.

पहिल्या रविवारी केरबांनी सकाळीच खाकी शर्ट घातला आणि ते तयार होऊन बसले. त्या दिवशी उज्ज्वलाच्या भावाच्या घराची वास्तुशांत निघाली. दुसऱ्या रविवारी शर्वरीची स्पर्धा होती. तिसऱ्या रविवारी गाडी बिघडली. चौथ्या रविवारी काहीच नव्हतं, संपत नुसता दमला होता. "पुढच्या वेळी नक्की, आबा," तो अंथरुणातूनच म्हणाला. दर रविवारी दुपारपर्यंत केरबा शर्ट घालून बसत. मग तो काढून, घडी घालून उशाशी ठेवत. कुणाला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते, तर संपत गेला असता. हेच त्याला पुढे जन्मभर टोचत राहिलं.

पाचव्या रविवारी शर्टाची घडी उशाशी तशीच राहिली. केरबा पहाटे झोपेतच गेले होते.

तेराव्याचं जेवण आटोपलं आणि दुसऱ्याच दिवशी संपतने रजा काढली. शर्वरीला बरोबर घेतलं, खाकी शर्ट घेतला, केरबांची काठी घेतली. बाग उघडायच्या आधीच तो दरवाजाशी जाऊन उभा राहिला. दरवाजा उघडला तसा तो उजवीकडे वळला.

रोज फिरायला येणारे एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "अहो पाव्हणं, उलटं कुठं निघालाय?"

"आधीच उशीर झालाय, काका," संपत म्हणाला आणि चालत राहिला.

चिमणी उन्हाच्या तुकड्यात पडून होती. तोंडावरचे केस पांढरे झाले होते. संपतने काठी उचलली, गजापर्यंत नेली आणि मागे घेतली. त्याने काठी लेकीच्या हातात दिली. शर्वरीने गजावर दोनदा टकटक केलं आणि आजोबांसारखीच हाक मारली, "चिमणेऽ, आलो गं!"

चिमणीचे कान हलले. ती पुढचे पाय टेकत उठली, डुलत गजापाशी आली. रखवालदाराने शर्ट संपतकडून घेतला आणि गजापाशी धरला. तिने तो हुंगला. कॉलर हुंगली, बाह्या हुंगल्या, पुन्हा कॉलर हुंगली. गुणगुणायला लागली. मग एकाएकी गप्प झाली आणि मागच्या दोन पायांवर उभी राहिली. तिने संपतकडे बघितलं नाही, शर्वरीकडेही नाही. दोघांच्या डोक्यांवरून ती मागच्या वाटेकडे बघत होती. शर्ट आला होता, हाक आली होती. आता माणूस यायचा होता.

म्हातारे पाय थरथरत होते, तरी ती खाली बसेना.

"बाबा, तिला सांगा ना," शर्वरी रडत म्हणाली. "आजोबा येणार नाहीत, सांगा ना तिला."

संपतने तोंड उघडलं. पण हे तिला कुठल्या भाषेत सांगायचं, ते त्याला माहीत नव्हतं. ते केरबांनाच आलं असतं. तो गज धरून हुंदके देत उभा राहिला. मागून फेरीला निघालेली माणसं डाव्या हाताने, शिरस्त्याप्रमाणे, हरणांकडे जात होती.

तात्पर्य: घरात जो हट्ट धरत नाही, त्याचं मागणं सगळ्यात आधी पुरवावं. त्याने म्हटलेलं 'बरं' ऐकून ज्याने ते मागे ठेवलं, त्याच्यावर पुढे रिकाम्या वाटेकडे बघत राहायची वेळ येते.