पिकदाणीतली शॅम्पेन

सहा महिने पॅरिसात राहून आलेले बॅरिस्टर रांगणेकर राजेसाहेबांच्या पंगतीत फ्रेंच वाइन चाखत होते. घोट तोंडात खळखळवायचा, डोळे मिटून "वा! ओला पाचोळा, जुनं खोगीर!" म्हणायचं आणि पिकदाणीत थुंकायचं, ही म्हणे तिकडची रीत. शॅम्पेनचीही तीच गत झाली. मग आचारी लाडोबाची सोलकढी त्यांनी तीन वाट्या रिचवली आणि मिशा पुसत म्हणाले, "गावंढळ पेय! सरकार, या आचाऱ्याला काढून टाका, फ्रेंच खानसामा ठेवा."

वाढायला उभा असलेला लाडोबा हात जोडून म्हणाला, "सरकार, साहेबांनी वाखाणलं ते पिकदाणीत आहे आणि ज्याला नावं ठेवली ते पोटात. त्यांच्या जिभेचं ऐकायचं की गळ्याचं, आपणच ठरवा."

राजेसाहेबांनी आपली वाटी लाडोबापुढे धरली.